32 नंबर आणि "एवढंच खेळला?"

आज अमेरिकन फुटबॉलची मॅच बघायला जर्सी सिटीतल्याच एका मित्राकडे जमलो होतो. मध्यंतरात कुणाच्या तरी मुलाने विचारलं, न्यूयॉर्क जायंट्स संघात 32 नंबरची जर्सी कुणीच का घालत नाही? मी सांगितलं, तो अल ब्लोझिसचा नंबर, त्याच्यानंतर कुणाला दिलाच नाही. लगेच एकाने फोन काढला, वर-खाली केला आणि म्हणाला, "1942 ते 44. तीन सीझन, तेही धड नाहीत. एवढंच खेळला? आणि युद्धात लीगमध्ये उरलं होतं तरी कोण!" सगळे हसले आणि विषय दुसरीकडे गेला. घर दुसऱ्याचं, म्हणून गप्प बसले. पण घरी आल्यापासून डोक्यातून जात नाहीये.

आधी त्या फोनमधल्या आकड्यांचं बोलू. ब्लोझिस टॅकल होता. टॅकल म्हणजे लाइनवर उभा राहून समोरच्याला अंगावर घेणारा. त्याच्या हातात बॉल येत नाही, बॉल घेऊन पुढे सरकल्याचे यार्ड नावावर लागत नाहीत. त्या काळी तर तोच माणूस आक्रमणातही आणि बचावातही उभा राहायचा, तेही चामड्याचं हेल्मेट घालून, आणि ते हेल्मेटसुद्धा लीगने सक्तीचं केलं 1943 मध्ये. अशा माणसाचा खेळ तुम्ही फोनवरच्या तक्त्यात शोधणार? कबड्डीत चढाई करणाऱ्याचे गुण सगळ्यांना पाठ असतात, कोपऱ्यातून पाय धरणाऱ्याचं नाव दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही. तसंच हे.

कबड्डी उगाच नाही आठवली. माझा मामा उजव्या कोपऱ्याला खेळायचा. कराडजवळचं आजोळ, जिल्ह्याच्या संघात जेमतेम दोन हंगाम, मग मराठा लाइट इन्फंट्रीत भरती, आणि 1971 ला पूर्व आघाडीवरून तो परत आला नाही. गावात त्याच्या नावाने स्पर्धा भरायची. मी शाळेत असताना एका वर्षी पाहुणे भाषणाला उभे राहिले. "खेळत राहिला असता तर महाराष्ट्राच्या संघात गेला असता, नाव काढलं असतं..." असं बराच वेळ चाललं. बायकांच्या रांगेतून आजी उठली. म्हणाली, "असता राहू द्या साहेब. तो खेळलाय. बघितलेली माणसं इथंच बसलीत, त्यांना विचारा."

मंडपात कुणी हूं की चूं केलं नाही.

ब्लोझिसबद्दलही मला तेच हवंय. तो काय झाला असता, ते नको. तो खेळलाय. आपल्या न्यूअर्क अव्हेन्यूवर, जिथे आपण दर शनिवारी पोह्यांची पाकिटं आणि कढीपत्ता घ्यायला जातो, त्याच रस्त्यावर पुढे टेकाडावर ती खांबांची भलीमोठी डिकिन्सन हायस्कूलची इमारत दिसते ना, त्या शाळेतला हा मुलगा. साडेसहा फूट उंच, 250 पौंडांचा. गोळाफेकीत राष्ट्रीय विजेता. पण युद्धामुळे 1940 आणि 1944 ची ऑलिम्पिक झालीच नाहीत. जॉर्जटाऊन विद्यापीठातून शिकून 1942 ला जायंट्समध्ये आला आणि दुसऱ्याच वर्षी ऑल-प्रो, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंत निवडला गेला.

हो, मान्य आहे. 1943 ला लीगमधली निम्मी चांगली माणसं गणवेशात होती. क्लीव्हलंड रॅम्सनी वर्षभर संघच बंद ठेवला. फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्ग मिळून एक संघ झाला. त्यातले खेळाडू दिवसा युद्धसामग्रीच्या कारखान्यांत राबायचे आणि मग सरावाला यायचे. पुढच्या वर्षी पिट्सबर्ग आणि कार्डिनल्स एकत्र आले, ते दहाच्या दहा सामने हरले. समोर तगडी माणसं कमी होती हे खरं. पण तो कुणासमोर उभा राहिला हे त्याने ठरवलं होतं का? जे मैदानात होते त्यांना त्याने मागे रेटलं. अजून काय करायला हवं होतं?

आणि "युद्धात उरलं होतं कोण" म्हणून हसताना जरा विचार करा. तो उरू शकला असता. सैन्याच्या उंचीच्या मर्यादेत तो बसत नव्हता. लष्कराने आधी नाकारलं. घरी बसून खेळत राहिला असता तर कुणी बोट दाखवलं नसतं. हा माणूस मागे लागून भरती झाला. मग शारीरिक प्रशिक्षक म्हणून सुरक्षित काम मिळालं, तेही नको म्हणाला, पायदळच हवं म्हणून फोर्ट बेनिंगच्या लष्करी तळावर प्रशिक्षणाला गेला. तिथे हातबॉम्ब 94 यार्डांच्या पलीकडे फेकला. गोळाफेकीचा हात होता ना तो!

1944 च्या शेवटी रजेवर आला. रजेवर आलेल्या माणसाने काय करावं? घरी बसावं, आईच्या हातचं खावं. हा जायंट्सकडे गेला आणि खेळला. 17 डिसेंबरला पोलो ग्राउंड्सवर, म्हणजे जायंट्सच्या घरच्या मैदानावर, ग्रीन बे पॅकर्स संघाविरुद्ध चॅम्पियनशिपची लढत होती, त्यात तो लाइनवर होता. 14-7 ने हरले. त्यानंतर 45 दिवसांनी, 31 जानेवारी 1945 ला, फ्रान्समधल्या व्होजच्या डोंगरात, बर्फात, त्याच्या प्लॅटूनमधली दोन माणसं गस्तीवरून परतली नाहीत. त्यांना शोधायला लेफ्टनंट ब्लोझिस स्वतः गेला. मशिनगनच्या गोळ्यांत संपला. आधी कागदावर "बेपत्ता" होता, खात्री व्हायला वसंत उजाडला. वय 26. लॉरेनच्या अमेरिकन दफनभूमीत आहे तो.

हे लिहिताना राग उतरला माझा. ज्याने फोन काढला तो वाईट माणूस नाही. अडीअडचणीला पहिला धावतो. आणि खरं सांगायचं तर लीगलाही अशा कहाण्या झेंडे फडकवायला आवडतात, त्याचाही मला वीट येतो. बलिदान, बलिदान करत खेळाडू पुसून टाकायचा, हे आजीलाही पटलं नसतं. त्या पाहुण्यांनी मामाला हुतात्मा म्हटलं तेव्हा ती काही बोलली नव्हती. "असता" म्हटल्यावर उठली.

आजी खाली बसल्यावर काय झालं ते सांगायचं राहिलं. मामाच्या संघातले एक आजोबा लंगडत मंचाजवळ आले. चप्पल काढली. भाषणासाठी अंथरलेल्या सतरंजीवर त्यांनी दाखवलं, मामा चढाई करणाऱ्याकडे बघायचाच नाही. मान भलतीकडे, गुडघे किंचित वाकलेले, एक हात मांडीवर. गडी निर्धास्त होऊन आत आला की मान न वळवता खाली झेप, आणि घोटा हातात. सत्तरीचे आजोबा खरोखर सतरंजीवर पालथे पडले, पाहुण्यांच्या बुटाजवळ. बुजुर्ग मंडळी टाळ्या वाजवत ओरडायला लागली, "अस्संच! अस्संच धरायचा!" मामाचा चेहरा मला फोटोपुरताच माहीत. पण त्याची पकड मी बघितली आहे.

ब्लोझिससाठी असं सतरंजीवर पडून दाखवणारं आता कोणी उरलं नसेल. ऐंशी वर्षं झाली. त्यांनी तो नंबर तरी राखून ठेवलाय, आणि आपल्याला तोही जास्त वाटतो?

मग जायंट्सच्याच जॅक लमसचं काय करणार? टेक्सासचा पोरगा, एंड म्हणजे लाइनच्या टोकाला खेळणारा, एकच मोसम खेळला, 1941 चा. पर्ल हार्बरवर हल्ला झाला त्या रविवारी पोलो ग्राउंड्सवर जायंट्सचा सामना चालू होता. पुढच्याच महिन्यात तो मरीन्समध्ये गेला. मार्च 1945 मध्ये जपानच्या इवो जिमा बेटावर आपल्या प्लॅटूनच्या पुढे राहून त्याने शत्रूची तीन ठाणी एकट्याने मोडली, मग सुरुंगावर पाय पडला. दोन्ही पाय गेले. डॉक्टरांसमोर आणल्यावर त्यांना म्हणाला की न्यूयॉर्क जायंट्सनी आज एक चांगला एंड गमावला. शेवटच्या सामन्याला तीन वर्षं उलटून गेली होती, आणि तो स्वतःला अजून संघातच धरत होता.