‘ओके’ दाबून मोकळे व्हा

गेम डाउनलोड झाला, आयकॉनवर दोनदा टिचकी मारली आणि गेमऐवजी एक इंग्रजी चौकट उघडली, तर भाऊ, पहिलं पथ्य हे की ती वाचायची नाही. ‘ओके’ दाबायचं. पुन्हा टिचकी मारायची. पुन्हा तीच चौकट आली, तर जरा जोरात मारायची. माऊसला कधी कधी कमी ऐकू येतं.

तसं त्या चौकटीत असतं तरी काय? ‘एमएसव्हीसीपी१४० डॉट डीएलएल ही फाईल सापडत नाही, म्हणून प्रोग्राम सुरू होत नाही.’ काय अडलंय, कशामुळे अडलंय, नाव-गावासकट एका ओळीत सगळं. इतकं सरळ बोलणाऱ्यावर आपण कुठे विश्वास ठेवतो? चुकून ते नाव कागदावर उतरवून घेतलं असतं, तर कळलं असतं की ही फाईल ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल’ नावाच्या पॅकेजमधून येते, ते मायक्रोसॉफ्टच्या साइटवर फुकट मिळतं आणि चहा गार व्हायच्या आत बसतं. पण मग उरलेला रविवार काय करायचा?

खरं तर गोंधळाची पेरणी त्याआधीच नीट करावी लागते. भरताचं वांगं घेताना आपला माणूस पाव तास खपतो. देठ ताजा आहे का, आकाराच्या मानाने हातात हलकं लागतं का, म्हणजे बिया कमी निघतील, कुठे कीड लागलीय का. सगळं पारखून मगच पिशवीत टाकतो. पन्नास-साठ जीबीचा गेम उतरवताना मात्र ‘मिनिमम रिक्वायरमेंट्स’ हा मथळा दिसला की बोट आपोआप खाली सरकलं पाहिजे. विंडोज कोणती, प्रोसेसर कोणता, रॅम किती, ग्राफिक्स कार्ड कोणतं, गेमची चित्रं-आवाज विंडोजकडून करवून घेणारं डायरेक्टएक्स कितवं, हे कंपनीने हौस म्हणून लिहिलेलं असतं. तुमच्याकडे अजून विंडोज ७ असेल आणि गेम विकणाऱ्या ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानाने १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ आणि ८ चा आधार काढून घेतला असेल, तर तो स्टीमचा प्रश्न. आपण का लक्ष घालायचं?

तरी कुणी फारच मागे लागलं, तर विंडोजचं बटण आणि ‘आर’ एकत्र दाबून ‘डीएक्सडायग’ लिहा. एक खिडकी उघडेल. पहिल्याच पानावर ‘डायरेक्टएक्स १२’ असं दिसेल. दिसलं की खिडकी बंद करून गल्लीत जाहीर करा की आपल्याकडे बारा आहे. शेजारच्या ‘डिस्प्ले’ टॅबवर जाऊ नका. तिथे ‘फीचर लेव्हल्स’ नावाच्या ओळीत तुमच्या ग्राफिक्स कार्डाची खरी ऐपत लिहिलेली असते, आणि ऐपत चारचौघांत कळू नये.

या बारावरून पुढे एक सुंदर तर्क निघतो. बारा आहे, म्हणजे नऊवर चालणारा जुना गेम चालणारच! चालेलच असं नाही. बऱ्याच जुन्या गेमना ‘डी३डीएक्स९_४३ डॉट डीएलएल’ असल्या मदतनीस फायली लागतात आणि त्या विंडोज १० किंवा ११ सोबत येत नाहीत. त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टचं जून २०१० चं एक जुनं पॅकेज वेगळं टाकावं लागतं. त्याने तुमचं बारा उतरून नऊ होत नाही, फक्त राहिलेल्या फायली जागेवर बसतात. पण २०१० चा माल आज घरात घ्यायचा? लोक काय म्हणतील? त्यापेक्षा गेमवाल्याला चार शिव्या हासडा.

आता मुख्य उपचार. हरवलेल्या फाईलचं नाव गुगलमध्ये टाका. ‘एकच फाईल, मोफत, लगेच’ म्हणणाऱ्या साइट्स रांगेने उभ्या असतील. ज्या साइटवर हिरवी ‘डाउनलोड’ची बटणं जास्त, ती जास्त विश्वासू. अँटीव्हायरस ओरडला तर त्याला बंद करा, त्याला ओरडायची सवयच असते. मिळालेली फाईल ‘सिस्टम३२’ फोल्डरमध्ये नेऊन टाका. इथे मायक्रोसॉफ्टने आपल्यासाठी खास गंमत करून ठेवलीय. विंडोज आणि प्रोग्राम बत्तीस बिट आणि चौसष्ट बिट अशा दोन जातींचे असतात, आणि चौसष्ट बिटच्या विंडोजमध्ये ‘सिस्टम३२’ मध्ये चौसष्ट बिटच्या फायली राहतात आणि बत्तीस बिटच्या राहतात ‘सिसवॉव६४’ मध्ये. त्यामुळे नाव बघून फाईल टाकणारा माणूस हमखास चुकतो आणि बक्षीस म्हणून नवी चौकट मिळते: शून्य एक्स सी, पाच शून्यं, सात, बी. साधारणपणे याचा अर्थ असा की बत्तीस आणि चौसष्टची सरमिसळ झालीय. बघा, पहिली चौकट निदान फाईलचं नाव तरी सांगत होती. आता आपण आकड्यांपर्यंत प्रगती केली.

आणखी पुढे जायचं असेल तर कंट्रोल पॅनेलमधली प्रोग्रामची यादी उघडा. ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस’ तिथे २००५, २००८, २०१०, २०१२, २०१३ अशा सालवारीने बसलेलं दिसेल, त्यातही प्रत्येकाचे एक्स८६ (बत्तीस बिट) आणि एक्स६४ (चौसष्ट बिट) असे दोन-दोन. २०१५ पासून पुढच्या सगळ्यांचं मिळून एकच पॅकेज चालतं, पण त्याआधीचं प्रत्येक साल वेगळं लागतं आणि बत्तीस बिटच्या गेमला चौसष्ट बिटच्या विंडोजवरही एक्स८६ वालंच हवं असतं. हे असलं कुणी सांगायला लागलं की कान बंद करा आणि ‘एवढे कशाला’ म्हणून निम्मे उडवून टाका. डिस्क साफ झाल्याचं समाधान वेगळंच. कालपर्यंत चालणारे दोन प्रोग्राम आज बसले, तर तो योगायोग.

एका जागेची मात्र सक्त मनाई. गेमच्याच फोल्डरमध्ये बहुतेक वेळा ‘रीडिस्ट’ किंवा ‘कॉमनरीडिस्ट’ नावाचं फोल्डर पडलेलं असतं आणि लागणारी पॅकेजेस त्यातच असतात. तिकडे फिरकायचं नाही. (स्टीमवरून पैसे देऊन घेतलेला गेम तर पहिल्यांदा उघडताना ती स्वतःच टाकतो. पण पैसे देऊन? मित्राचा पेन ड्राइव्ह काय पूजेला ठेवलाय?)

ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणारा प्रोग्राम, टाकायची वेळ निवडताना मे महिन्यातली दुपार धरा. जळगावात पारा पंचेचाळिसाला टेकलेला, सीपीयूचं झाकण काढून समोर टेबल फॅन लावलेला, आणि ड्रायव्हर निम्मा बसला असताना लाइट जाते. दीपनगरचं वीजकेंद्र इतकं जवळ असून आपल्याकडे बत्ती गुल कशी, यावर एकदा सावकाश बोलू.

एवढ्यानेही भागलं नाही, तर पुण्याला आयटीत असलेल्या भाच्याला फोन करा. तो मीटिंगमध्ये असेल तेव्हाच करा, म्हणजे आवाज हळू ठेवतो. तो विचारेल, “मामा, सिस्टीम चौसष्ट बिट आहे का बत्तीस?” सांगा, “बत्तीस हजाराला घेतली.” तो विचारेल, “चौकटीत काय लिहून आलंय?” सांगा, “काहीतरी इंग्रजीत होतं, मी ओके केलं.” पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही. नेटवर्क गेलंय असं समजा.

मग चौकात या. चहाच्या टपरीवर तुमचं तोंड बघून कुणीतरी विचारेलच, “काय व्हयनं भो?” तुम्ही अर्धं सांगून होत नाही तोच निदान होतं: “फॉरमॅट मारी टाक!” प्रिंटर बिघडो, गेम अडो, पासवर्ड विसरो, खान्देशात औषध एकच. दुकानवाला विचारतो, “डेटा काही आहे का?” तुम्ही ऐटीत सांगता, “सगळा डी मध्ये आहे.” सातबारा, केळीच्या पीकविम्याच्या पावत्या आणि पोरीचा प्रोजेक्ट डेस्कटॉपवर असतो, आणि डेस्कटॉप असतो सी मध्ये. संध्याकाळी कॉम्प्युटर कोरा करकरीत होऊन घरी येतो. पेन ड्राइव्ह लावा, गेम टाका, टिचकी मारा. तीच चौकट, तेच एमएसव्हीसीपी१४०.

ओके दाबा आणि भाच्याला पुन्हा फोन लावा. तो उचलणार नाही. मग त्याच्या आईला लावा.