‘छोट्या गाडीत टर्बो नको’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

साखळी-डिचोलीपासून फोंड्यापर्यंत नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘छोट्या गाडीत टर्बो घेऊ नका. मायलेज निम्मं होतं, तीन-चार वर्षांत टर्बो बसतो, आणि तीन सिलिंडर म्हणजे कंपनीने स्वस्तात उरकलेलं काम. गोव्यात साधं १.२ इंजिनच घ्या.’ (टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा छोटा पंखा, सिलिंडर म्हणजे इंजिनात पेट्रोल जळतं ती नळकांडी, आणि १.२ म्हणजे १.२ लिटरचं, बिनटर्बोचं इंजिन.) शेवटचा सल्ला पुष्कळांना लागू पडेल. कारणं मात्र चुकीची आहेत, आणि त्यांच्यावर विसंबून आठ-दहा लाखांची गाडी ठरवू नये.

मायलेज निम्मं होतं? मारुती फ्रॉन्क्समध्ये दोन्ही इंजिनं आली, त्यामुळे तुलना सोपी आहे. मॅन्युअल गिअरमध्ये साध्या १.२ चा कंपनीचा आकडा लिटरला २१.७९ किलोमीटर, १.० टर्बोचा २१.५. दीड टक्क्याचाही फरक नाही. अर्थात हे चाचणीतले आकडे. त्या चाचणीत एसी बंद असतो आणि वेग ताशी ९० च्या वर जात नाही. मे महिन्यात पणजीत एसी बंद ठेवून कोण फिरतो? त्यामुळे रस्त्यावर दोन्ही गाड्यांचं मायलेज घसरतं. टर्बोचं जास्त घसरू शकतं, पण ते तुमच्या पायावर आहे. बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, आला की आत जादा हवा जाते, तिच्या जोडीला जादा पेट्रोल लागतं. सतत दाबून चालवलीत तर इंजिनाची उष्णता आटोक्यात ठेवायलाही आणखी पेट्रोल सोडलं जातं.

खरा फरक घाटात कळतो, आणि त्याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही. फ्रॉन्क्सच्या साध्या इंजिनाचा ११३ एनएम टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर (एनएम हे त्याचं माप), ४४०० आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला ४४०० फेऱ्यांना, मिळतो. टर्बोचा १४७.६ एनएम २००० पासूनच हाताशी असतो. केरी सोडून चोर्ला घाट चढायला लागा. गाडीत चार माणसं, डिकीत सामान, एसी चालू, आणि पुढे बेळगावला परतणारा भाजीचा रिकामा टेम्पो. साधं इंजिन अशा वेळी दुसऱ्या गिअरवर ओरडायला लागतं आणि ओव्हरटेकला रस्ता पुरत नाही. टर्बो तिसऱ्यातही ओढते. पण वळणावर वेग मोडला आणि आरपीएम २००० च्या खूप खाली गेला, तर तीच गाडी नुसती एक लिटरची होते आणि गिअर उतरवल्याशिवाय जागची हलत नाही. टर्बोवाले ही गोष्ट सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो.

टर्बो टिकत नाही? गोव्याच्या टॅक्सी स्टँडवरच या दाव्याचं उत्तर होतं. जुन्या स्विफ्ट आणि डिझायर डिझेलच्या १.३ इंजिनाला टर्बोच होता, आणि त्या गाड्या टॅक्सीत लाखांनी किलोमीटर धावल्या. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. म्हणून ऑईल वेळेवर आणि सांगितलेल्याच ग्रेडचं हवं. तिथे पैसे वाचवले की टर्बो जातो. घाट चढून चहाला थांबलात तर चावी फिरवून बंद करण्याआधी इंजिन अर्धा-एक मिनिट तसंच चालू द्या.

तीन सिलिंडरचं थोडक्यात. २०२४ च्या स्विफ्टमध्ये चारऐवजी तीन सिलिंडर आले, ताकद ९० वरून ८२ पीएसवर (हे ताकदीचं माप) आली, मायलेज २२.३८ वरून २४.८० वर गेलं. सिलिंडर कमी, तर घर्षण कमी. सिग्नलला थरथर थोडी जाणवते, हे खरं. पण हा मायलेजसाठी केलेला सौदा आहे आणि त्याचा मोबदलाही दिसतो.

तेव्हा रोजचं धावणं म्हापसा-पणजी असेल तर साधं १.२ खुशाल घ्या, त्या रांगेत टर्बोचे जादा पैसे वसूल होत नाहीत. घर भरून वरचेवर घाट चढत असाल तर टर्बो चालवून बघा. मात्र टेस्ट ड्राईव्ह शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर नको. घरची माणसं बसवा, एसी लावा आणि पर्वरीचा चढ चढवा.