सावजी मसाल्याच्या डोमेनबद्दलची तुमची तक्रार आणि आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्ही एक स्टार देऊन तीन गोष्टी लिहिल्या आहेत. तुमच्या मसाल्याच्या वेबसाइटसाठी डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, तपासून शोधून द्यायला, फुकटच्या वेबसाइटवर दोन मिनिटांत होणाऱ्या या कामाला, आम्ही ६०० रुपये आणि चार दिवस घेतले. ९९ रुपयांत मिळणारं डॉट कॉम घेऊ दिलं नाही. आणि आम्हीच काढून दिलेलं डॉट इन गुरुवारी घ्यायला गेलात तर ते आधीच गेलेलं, म्हणजे आमच्या ऑफिसातूनच नाव फुटलं.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक आमची आहे. ते नाव मोकळं आहे हे आम्हाला मंगळवारी संध्याकाळीच कळलं होतं. त्याच वेळी तुम्हाला फोन करायला हवा होता. सगळा रिपोर्ट एकदम द्यायचा म्हणून आम्ही गुरुवारपर्यंत थांबलो. ते नाव कधी घेतलं गेलं, याची नोंद काल मी पुन्हा उघडून पाहिली. बुधवार, १७:४९. ही जागतिक वेळ, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे ११ वाजून १९ मिनिटं. ज्या रजिस्ट्रारकडून, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडून, ते घेतलं गेलं, त्याच्याकडे आमचं खातंही नाही. नाव आमच्याकडून फुटलं नाही, पण तुमच्या हातून गेलं ते आमच्या उशिरामुळेच. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

तुमचा संशय मात्र हवेतला नाही. २००८ मध्ये अमेरिकेतला एक मोठा रजिस्ट्रार ग्राहकाने शोधलेलं नाव स्वतःच काही दिवस अडवून ठेवायचा. तेव्हा पाच दिवसांत नाव परत केलं की पैसे परत मिळायचे. २००९ मध्ये आयकॅनने, म्हणजे जगभरच्या डोमेन नावांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, त्या सवलतीवर मर्यादा आणली. तरीही आम्ही ग्राहकाचं नाव कुठल्याही विक्रीच्या सर्च-बॉक्समध्ये टाकत नाही. डॉट कॉमसाठी आयकॅनचं लुकअप, डॉट इनसाठी रजिस्ट्रीची, म्हणजे सगळ्या डॉट इन नावांच्या मूळ नोंदवहीची, नोंद, एवढंच पाहतो.

आता ते डॉट कॉम. हिरव्या अक्षरात ‘उपलब्ध’ दिसतं याचा अर्थ आज ते कोणाच्या नावावर नाही, एवढाच. पूर्वी तिथे काय चालायचं हे त्यात दिसत नाही. वेबॅक मशीन या वेबसाइटांची जुनी रूपं जपून ठेवणाऱ्या साइटवर त्या नावाची जुनी पानं आम्ही तुमच्याकडे स्क्रीन फिरवून दाखवली होती. दोन वर्षं तिथे सट्ट्याच्या जाहिराती होत्या. स्पॅमहाउस ही संस्था स्पॅमशी संबंधित पत्त्यांची यादी ठेवते, तिच्या यादीतही ते नाव सापडलं. अशा पत्त्यावरून पाठवलेला दरपत्रकाचा मेल इतवारीतल्या दुकानदाराच्या स्पॅममध्ये जाऊन पडला तर तुम्हाला कळणारही नाही. शिवाय ९९ रुपये फक्त पहिल्या वर्षाचे, पुढच्या वर्षापासूनचा दर त्याच पानाच्या तळाशी होता.

चार दिवस कशात गेले, तेही सांगतो. मसाले ट्रेडमार्कच्या ३० व्या वर्गात येतात. तिथल्या सरकारी शोधपानावर उच्चारावरून शोधायची सोय आहे. तुम्ही आधी ठरवलेल्या नावासारखं ऐकू येणारं एक नाव त्यात निघालं, म्हणून आम्ही ते सोडायला सांगितलं. डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच स्पष्ट केलं आहे. डबे छापून झाल्यावर नोटीस आली तर ६०० रुपयांचा हिशोब कुठल्या कुठे जातो.

आणि स्पेलिंग! ‘सावजी’ हा शब्द आम्ही बिल्डिंगमधल्या तिघांना नुसता तोंडी सांगून इंग्रजीत लिहायला लावला. चहावाल्या भाऊंनी बिलाच्या मागे ‘ओ’ घालून लिहिलं, वॉचमन काकांनी ‘व्ही’, आमच्या अकाउंटंट ताईंनी ‘डब्ल्यू’. तिन्ही बरोबरच वाटतात. गिऱ्हाईक फोनवर पत्ता ऐकून टाइप करणार आणि भलत्याच दुकानात पोहोचणार. हे कुठल्याही फुकटच्या टूलमध्ये दिसत नाही. म्हणून तुम्हाला छोटा, एकाच पद्धतीने लिहिला जाणारा शब्द शोधून दिला होता, आणि तोच गेला याचं मला जास्त वाईट वाटतं.

तुमचे ६०० रुपये आज सकाळी परत पाठवले आहेत. त्याच धर्तीची दोन नावं काल रात्री तपासून तुमच्या फोनवर टाकली आहेत, दोन्ही आत्ता मोकळी आहेत. आवडेल ते आजच, तुमच्या स्वतःच्या ईमेलने, स्वतःच्या खात्यात घ्या. आमच्यासाठी थांबू नका. यापुढे कोणाचंही नाव स्वच्छ निघालं की त्याच संध्याकाळी फोन जाईल, रिपोर्ट नंतर.

ते जुनं डॉट कॉम मात्र घेऊ नका, एवढी विनंती आहे. आज सकाळी पाहिलं, ते अजूनही ९९ रुपयांतच दिसतंय.