51 विरुद्ध 49 सोपं असतं, 80 विरुद्ध 20 अवघड

लोकशाहीत बहुसंख्य आणि अल्पसंख्य दोघांनाही न्याय मिळतो का, या वादात दोन वेगळ्या अल्पसंख्यांची गल्लत होते आणि मग वाद तिथल्या तिथे फिरत राहतो. एक अल्पसंख्य म्हणजे या वेळी मतदानात हरलेले लोक. करवाढ नको होती, ती झाली. पुढच्या निवडणुकीत ते जिंकूही शकतात. दुसरा अल्पसंख्य म्हणजे भाषा, धर्म, वंश किंवा जात यांमुळे संख्येने कायमच कमी असलेला गट. पहिल्याला वेळेवर निवडणुका, बोलायचं स्वातंत्र्य आणि चोख मतमोजणी एवढं बहुतेक वेळा पुरतं. दुसऱ्याला पुरत नाही. निव्वळ बहुमतावर चालणारी लोकशाही या दुसऱ्या गटावर अन्याय करते, असं माझं ठाम मत आहे. मात्र त्यावर म्हणून जे उपाय केले जातात, त्यांतले बरेचसे चुकीच्या जागी लावलेले असतात, आणि हे उपायांच्या तपशिलात शिरल्याशिवाय दिसत नाही.

आधी साधं गणित. समजा 100 मतदारसंघ आहेत, सगळीकडे मतदार सारखेच, आणि ज्याला जास्त मतं तो निवडून येतो. एका गटाचे मतदार 20 टक्के. तो एकगठ्ठा मतदान करतो आणि समोरचे 80 टक्केही एकगठ्ठाच करतात. हा गट सगळीकडे सारखा विखुरलेला असेल तर त्याला शून्य जागा. 20 मतदारसंघांत ठासून भरलेला असेल तर 20 जागा. आणि 38 मतदारसंघांत 52-52 टक्के असा पसरला असेल तर तब्बल 38. माणसं तीच, मतं तीच. फरक फक्त नकाशावरच्या रेघेचा. म्हणून मतदारसंघांच्या सीमा कोण आखतो हा प्रश्न माझ्या लेखी घटनेतल्या मूलभूत हक्कांच्या प्रकरणाइतकाच महत्त्वाचा आहे.

उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात कॅथलिक बहुसंख्य होते. 1936 नंतर तिथे तीन वॉर्ड असे पाडले की बहुतेक कॅथलिक एकाच वॉर्डात कोंबले गेले आणि त्या वॉर्डाला 8 जागा मिळाल्या. उरलेल्या दोन वॉर्डांना मिळून 12, आणि त्या युनियनिस्टांकडे, म्हणजे ब्रिटनशी जोडलेलं राहू पाहणाऱ्या, बहुतेक प्रोटेस्टंट पक्षाकडे. हे काही दशकं चाललं. रेघ ओढणं आपल्या हातात असेल तर बहुसंख्यांनाही अल्पसंख्य करता येतं.

ब्रिटनची 2015 ची निवडणूक तर कुणीही कट न करता असा निकाल देऊन गेली. यूकिप या पक्षाला सुमारे 12.6 टक्के मतं आणि 650 पैकी एक जागा. स्कॉटिश नॅशनल पार्टीला 4.7 टक्के मतं आणि 56 जागा. स्कॉटिश मतदार एका भागात एकवटलेले होते, यूकिपचे देशभर पसरलेले. या दोन पक्षांबद्दल तुमचं मत काहीही असो, मतांचं जागांत रूपांतर करणारं यंत्र अल्पसंख्यांना एका मापाने मोजत नाही, एवढं मान्य करावं लागेल.

यावरचा चांगला उपाय म्हणजे प्रमाणशीर प्रतिनिधित्व, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा. पण तिथेही खरी मेख एका मतदारसंघातून किती जण निवडायचे यात असते. एकसंक्रमणीय मतपद्धतीत (तिथे मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो) तीन जण निवडायचे असतील तर खात्रीने निवडून येण्यासाठी 25 टक्क्यांच्या वर मतं लागतात. पाच निवडायचे असतील तर 16.7 च्या वर, नऊ असतील तर 10 च्या वर. 12 टक्क्यांच्या गटाला तीन जागांच्या मतदारसंघात 'तुमच्यासाठी प्रमाणशीर पद्धत आणली' असं सांगणं म्हणजे फसवणूक आहे. याद्यांच्या पद्धतीत, जिथे मत पक्षाच्या यादीला दिलं जातं, हेच काम किमान मतांची अट करते. तुर्कस्तानात ती 10 टक्के होती. 2002 मध्ये तिथे साधारण 34 टक्के मतांवर एका पक्षाला 550 पैकी 363 जागा मिळाल्या, आणि जवळपास 45 टक्के मतदारांची मतं अशा पक्षांना गेली होती ज्यांना संसदेत एकही जागा नव्हती. जर्मनीतही 5 टक्क्यांची अट आहे, पण राष्ट्रीय अल्पसंख्याकांच्या पक्षांना तिच्यातून सूट आहे. त्यामुळे डॅनिश आणि फ्रिजियन अल्पसंख्याकांच्या पक्षाला 2021 मध्ये संसदेत एक जागा मिळू शकली. एका ओळीची तरतूद, पण ती लिहिणाऱ्याने प्रश्न नीट समजून घेतलेला होता.

राखीव जागांच्या बाबतीत जागा किती हे सगळे विचारतात. मत कुणाचं, हे फार थोडे विचारतात. 1932 च्या पुणे करारात दलितांच्या प्रांतिक जागा 71 वरून 148 झाल्या, म्हणजे दुपटीहून जास्त. बदल्यात स्वतंत्र मतदारसंघ, म्हणजे फक्त दलितांनीच मत द्यायचे मतदारसंघ, गेले. पहिल्या फेरीत फक्त दलित मतदारांनी चार उमेदवार निवडायचे आणि अंतिम फेरीत त्या चौघांतून सगळ्यांनी मिळून एक निवडायचा, अशी रचना झाली. त्यामुळे आपल्या समाजात चौथा आलेला उमेदवार बाकीच्यांच्या मतांवर पहिला येऊ शकत होता. आंबेडकरांचा पुढचा आक्षेप याच जागी होता. माणूस आपला आणि तारणारी मतं दुसऱ्याची, असं झालं की तो प्रतिनिधी कुणाला उत्तरदायी राहणार? दुसऱ्या बाजूलाही वजन आहे, हे मी मान्य करतो. स्वतंत्र मतदारसंघात बहुसंख्य समाजाच्या उमेदवाराला अल्पसंख्याकांच्या दारात जायची गरजच उरत नाही.

कागदावरच्या हमीबद्दल फार लिहीत नाही. श्रीलंकेचं उदाहरण पुरेसं आहे. स्वातंत्र्याच्या वेळच्या तिथल्या घटनेत कलम 29 होतं. एखाद्या समाजावर वेगळी बंधनं लादणारा कायदा संसदेला करता येणार नाही, असं ते सांगत होतं. तरीही 1948 आणि 1949 च्या कायद्यांनी भारतीय वंशाच्या बहुतेक मळेकामगार तमिळांचं नागरिकत्व आणि मताधिकार गेला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कायद्याची शब्दरचना तेवढी पाहिली, परिणाम नाही; आणि लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्यावरच्या अपील न्यायालयाने, 1953 मध्ये कायदे वैधच ठरवले. 1956 मध्ये सिंहली ही एकमेव राजभाषा झाली आणि 1972 च्या घटनेतून कलम 29 गेलंच. शब्द तटस्थ आहेत की नाहीत एवढंच तपासणारं न्यायालय कायम अल्पसंख्याच्या उपयोगाचं नसतं. कायद्याचा परिणाम कुणावर होतो, हे त्याने पाहायला हवं.

स्वित्झर्लंडमध्ये घटनादुरुस्तीला दुहेरी बहुमत लागतं, देशभरातल्या मतदारांचं आणि कॅन्टनांचंही (कॅन्टन म्हणजे तिथली राज्यं). लहान कॅन्टनांना त्याने खरंच संरक्षण मिळतं. पण 2009 च्या सार्वमतात 57.5 टक्के मतदारांनी नवे मिनार बांधायला बंदी घातली, तेव्हा देशात मिनार होते चार. मुस्लिम कुठल्याच कॅन्टनमध्ये बहुसंख्य नव्हते, म्हणून दुसऱ्या बहुमताचं कुलूप त्यांच्या काही कामाला आलं नाही. एका प्रकारच्या अल्पसंख्यासाठी घडवलेलं कुलूप दुसऱ्याच्या दाराला बसत नाही.

नकाराधिकाराबद्दल मात्र मला जास्त काळजी वाटते, कारण तो न्याय्य दिसतो. अमेरिकी सिनेटमधला फिलिबस्टर, म्हणजे चर्चा लांबवत ठेवून मतदान होऊ न देणं, अल्पमताला कायदा अडवू देतो. दक्षिणेतल्या सिनेटरांनी तो कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचे कायदे रोखायला वापरला; 1964 चा कायदा 71 विरुद्ध 29 मतांनी चर्चा थांबवल्यावरच पुढे सरकला. वॉशिंग्टनमध्ये अल्पमतात असलेले हे लोक आपापल्या राज्यांत मात्र सत्ताधारी होते. म्हणून कुठल्याही नकाराधिकाराला माझा पहिला प्रश्न असतो, की हा वापरणारा गट खालच्या पातळीवर कुणावर राज्य करतो?

उत्तर आयर्लंडच्या 1998 च्या करारात 108 पैकी 30 सदस्यांच्या सह्या झाल्या की ठरावाला दोन्ही समाजांची संमती लागे. हेतू रास्त होता. मात्र कुठल्या विषयांवर हे वापरायचं याची मर्यादा प्रत्यक्षात पाळली गेली नाही, आणि 2011 नंतर एकट्या डीयूपी या युनियनिस्ट पक्षाकडेच 38 सदस्य होते. नोव्हेंबर 2015 मध्ये समलिंगी विवाहाच्या बाजूने 53 आणि विरोधात 52 मतं पडली, तरी ठराव याच मार्गाने अडला. पुढे 2020 च्या समझोत्यात निदान दोन पक्षांच्या सह्यांची अट आली.

मला बेल्जियमची रचना यापेक्षा शहाणी वाटते. तिला तिथे धोक्याची घंटा म्हणतात. एखाद्या भाषागटाच्या तीन चतुर्थांश सदस्यांनी सकारण लेखी हरकत घेतली की विधेयक थांबतं आणि मंत्रिमंडळाकडे जातं. पंतप्रधान सोडून त्या मंत्रिमंडळात डच आणि फ्रेंच भाषकांची संख्या समान असते. 30 दिवसांत त्याने सकारण मत द्यायचं. एका विधेयकावर एका गटाला एकदाच हरकत, आणि अर्थसंकल्पावर नाहीच. म्हणजे अडवायचा हक्क नाही, थांबवून समोरासमोर बसवायचा हक्क आहे. किंमत त्यांनाही मोजावी लागते. निवडणुकीनंतर 2010-11 मध्ये तिथे 541 दिवस सरकार बनलं नव्हतं. तरीही मी तीच पद्धत निवडेन.

आणि घटनेत गटांची नावं लिहून वाटे करणं मला शेवटचा पर्याय वाटतो. बोस्नियात 1995 च्या डेटन करारानुसार राष्ट्राध्यक्षपद तिघांत विभागलं: एक बोस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब. युद्ध थांबवायला तेव्हा ते लागलं, हे खरं. पण त्यात ज्यू किंवा रोमा नागरिकाला उभंच राहता येत नाही. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने डिसेंबर 2009 मध्ये हा भेदभाव ठरवला, आणि पुढे दहा वर्षं उलटली तरी तरतूद तशीच होती. ती बदलायला त्याच तीन गटांची संमती लागते, आणि वाटा सोडायचा तोही त्यांनीच.