बावखलाच्या कागदावर माझी सही

सव्वीस जानेवारीच्या रात्री मामेभावाने घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. वसईतलं आमचं देऊळ, म्हणजे चर्च, मिस्सा (प्रार्थनाविधी) नुकतीच संपलेली, आणि फादर माइकवरून लोकांकडून संविधानाची उद्देशिका म्हणवून घेताहेत. पुढच्या बाकावर लाल लुगड्यातली एक म्हातारी 'सार्वभौम'ला अडखळते, थांबते, पुन्हा म्हणते. तेवढाच तुकडा मी तीनदा पाहिला. खाली भावाने लिहिलं होतं, 'देवळात देवाचं बोला, राजकारण कशाला?' त्याला चौदा अंगठे. सकाळपर्यंत तोच व्हिडिओ शाळेच्या ग्रुपवरही पोचला. तिथे एक जुना वर्गमित्र म्हणे, 'रोमकडे बघून चालणारे आता संविधान शिकवणार! आणि ते तरी आपलं कुठाय, सगळं उसनं.'

मी नाइट ड्युटी संपवून डब्लिनच्या ल्युआस ट्राममध्ये बसले होते. घरी जाऊन झोपायचं सोडून दोघांना उत्तरं लिहीत बसले. तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय.

आधी उसन्याचं. हो, उसनंच आहे, आणि त्यातलं काही मी राहते त्या देशातून, आयर्लंडमधून, घेतलेलं आहे. आयर्लंडची राज्यघटना १९३७ ची. तिच्या कलम ४५ मध्ये सामाजिक धोरणाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि ती कोर्टात चालणार नाहीत असं तिथेच लिहून ठेवलंय. १९४७ च्या अखेरीस आपल्या घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव डब्लिनला येऊन आयर्लंडचे पंतप्रधान डी व्हॅलेरांना भेटून गेले. आपल्या घटनेचा चौथा भाग, मार्गदर्शक तत्त्वांचा, काढा. कलम ३७ तेच सांगतं, कोर्ट नाही. कलम ३९ (ख) म्हणतं, समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी आणि नियंत्रण सर्वांच्या हिताला पोषक होईल असं वाटलं जावं. इंग्रजीत हे आयरिश वाक्य जवळजवळ शब्दन् शब्द आपल्याकडे आलंय. फक्त 'खाजगी व्यक्ती आणि निरनिराळे वर्ग यांच्यात' हे मधलं शेपूट आपण छाटलं. कलम ४० ची ग्रामपंचायत मात्र गांधींची, तिच्यात आयर्लंडचं काही नाही. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना सांगूनच टाकलं होतं की उसनं घेण्यात लाज नाही, घटनेच्या मूलभूत कल्पनांचं पेटंट कुणाकडे नसतं.

आणि हे आयरिश वाक्य आलं कुठून? त्यामागे पोपची दोन पत्रं आहेत. १८९१ चं तेराव्या लिओंचं, मजुरांच्या रास्त मजुरीबद्दल आणि संघटनेच्या हक्काबद्दल. १९३१ चं अकराव्या पायसांचं, त्यात मालमत्तेचा सामाजिक उपयोगही आला, आणि खालच्या पातळीवर जे होऊ शकतं ते वरच्याने हिसकावू नये हेही. डी व्हॅलेरांचा मसुदा बनत होता तेव्हा जॉन चार्ल्स मॅक्वेड नावाचे फादर त्यांना कागदांवर कागद पुरवत होते. पुढे ते डब्लिनचे आर्चबिशप झाले. म्हणजे माझा वर्गमित्र ज्या घटनेवर रोमवाल्यांचा हक्क नाही म्हणतो, तिच्या एका ओळीत रोमचाही थेंब आहे. हे लिहिताना मला फार बरं वाटलं, कबूल करते. घटना समितीत बसलेले जेसुइट फादर जेरोम डिसोझा यांचंही नाव घातलं. धर्माच्या नावावरच्या राखीव जागा सोडायला त्यांनी पाठिंबा दिला होता, तेही लिहिलं.

भावाला उत्तर देताना मात्र गाडी अडली. कारण चर्च आणि राज्यघटना एका ताटात जेवली की काय होतं, ते मी इथे पाहिलंय. त्याच १९३७ च्या घटनेत कॅथलिक चर्चला 'विशेष स्थान' दिलेलं होतं. मसुदा रोमला दाखवला तेव्हा पोप म्हणाले, मान्यही करत नाही, अमान्यही करत नाही, गप्प राहू. शहाणा माणूस. इथले बिशप गप्प राहिले नाहीत. १९५१ मध्ये नोएल ब्राउन या आरोग्यमंत्र्याने बाळंतिणींना आणि सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांना फुकट उपचार द्यायचं ठरवलं, तर बिशपांनी कुटुंबाच्या हक्कात सरकारची ढवळाढवळ म्हणून विरोध केला. योजना गेली, मंत्रीही गेला. सरकारने वरून हिसकावू नये हे सूत्र इथे बाळंतिणीच्या विरोधात वापरलं गेलं. ज्या देशात मी दिवसरात्र बाळंतिणी सांभाळते, तिथे हे झालंय.

ते 'विशेष स्थान' १९७२ च्या सार्वमतात लोकांनी काढून टाकलं. पण १९८३ मध्ये गर्भपातबंदी घटनेत घातली गेली, आणि २०१२ साली गॉलवेत आपल्या बेळगावची सविता हलप्पनवार गेली. गर्भ वाचणार नाही हे ठाऊक होतं, पण ठोके चालू होते म्हणून गर्भपात नाकारला, आणि जंतुसंसर्गाने ती गेली. त्या आठवड्यात वॉर्डातल्या आयरिश बायका माझ्याशी बोलताना नजर चुकवायच्या, जणू मी तिची बहीण. २०१८ ला ते कलम रद्द करायचं सार्वमत झालं तेव्हा माझ्याकडे इथला पासपोर्ट होता. मी काय मत दिलं ते आईला अजून सांगितलेलं नाही. ती रोज संध्याकाळी माझ्या नावाने रोझरी म्हणते.

म्हणून भावाला लिहिलं, देवळात घटना वाचणं वेगळं आणि घटनेत देऊळ लिहिणं वेगळं. फादर पहिलं करताहेत, घाबरतोस कशाला? आपल्याकडे फ्रान्सिस दिब्रिटो 'हरित वसई'साठी बिल्डर आणि टँकरवाल्यांसमोर उभे राहिले, तेव्हा नाही कुणी म्हणालं की फादर, देवाचं बोला. तेव्हा पाणी आपलं होतं. इथे रविवारी देवळात चाळीस डोकी असतात, त्यातली निम्मी केरळची, तरी प्रार्थनेत नर्सिंग होममधल्या पगाराचा विषय निघतो आणि कुणी उठून जात नाही. तुम्हांला मात्र एक पान वाचलेलं सहन होत नाही.

जरा जास्तच लिहिलं. वर ३९ (ख) चं पानही जोडलं. मुंबईच्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या खटल्यात नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने ठरवलं की प्रत्येक खाजगी मालमत्ता काही समाजाची साधनसंपत्ती होत नाही. हे मला पटत नाही असंही ठणकावलं. भारताच्या घटनेबद्दल, आयर्लंडच्या पासपोर्टवर.

भावाचं उत्तर दुपारी आलं. 'ताई, बावखल बुजवलं त्या कागदावर तुझी पण सही आहे.'

आहे. आमच्या वाडीतलं बावखल, म्हणजे पाण्याचं तळं, सात घरांचं होतं. कडेला भेंडीची झाडं, पाण्यावर शेवाळाची साय, आणि मे महिन्यातही केळींना पुरेल इतकं पाणी. माझा हिस्सा किती ते कधी कुणी मोजलं नव्हतं, बिल्डरने मोजून दिला. २०११ साली मी इथल्या वकिलातीत रांगेत उभी राहून मुखत्यारपत्र साक्षांकित केलं आणि कुरियरने पाठवलं. आलेले पैसे या घराच्या डिपॉझिटमध्ये गेले. सेमी-डी आहे, म्हणजे एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक, मागे छोटी बाग आहे, पाऊस पडला की बागेत पाणी साचतं.

संध्याकाळी त्याने अजून एक विचारलं, चिडून नव्हे, खरंच माहीत नव्हतं म्हणून. 'ते सर्वांच्या हिताचं कलम तिकडे कोर्टात चालतं का?'

'नाही,' मी लिहिलं. 'इथेही नाही चालत.'

त्याने अंगठा टाकला.