विमान हवं, पण शेजारच्यांवरून

लंडनच्या हाऊन्सलोत राहायला आल्यापासून आम्ही वारा बघून पाहुणे बोलावतो. वारा पश्चिमेचा असला की हीथ्रोला उतरणारी विमानं चाकं काढून आमच्या कौलांवरून जातात. दोनपैकी कुठल्या धावपट्टीवर उतरायचं ते दुपारी तीनला बदलतं, आणि दर आठवड्याला हा क्रम उलटतो. पुण्यात पाण्याच्या पाळ्या सांभाळल्या, इथे शांततेच्या सांभाळतो.

त्यात आता आकाश नव्याने आखायचं चाललंय. सध्याच्या मार्गांचा सांगाडा 1950च्या दशकातला, जमिनीवरच्या रेडिओ-खुणांवर बेतलेला. विमानं थोडी इकडेतिकडे फाकायची, आवाजही सगळ्यांना थोडाथोडा मिळायचा. उपग्रहाच्या मदतीने उडणारं विमान मात्र आखलेली रेषा सोडत नाही. मग ती रेषा जायची कोणाच्या घरावरून?

हरकतींसाठी चर्चच्या हॉलमध्ये सभा झाली. भिंतीवरच्या नकाशाला नाक टेकवून जो तो आपलं छप्पर शोधत होता. एक सद्गृहस्थ म्हणाले, आवाज सर्वांना समान वाटा, हाच न्याय. टाळ्या पडल्या. “फक्त आमच्या रस्त्यावर शाळा आहे, तेवढा वगळा.” मग कळलं, प्रत्येक रस्त्यावर काही ना काही आहेच. जिथे काहीच नव्हतं तिथे घोडे निघाले, आणि घोड्यांची बाजू मांडणाऱ्या बाई सर्वांत जास्त तयारी करून आल्या होत्या.

मीही हात वर केला. नकाशाजवळचा तरुण अदबीने म्हणाला, “हाऊन्सलो ना? उतरताना शेवटचे काही मैल विमान धावपट्टीच्या सरळ रेषेतच येणार. बाकीचे मार्ग कसेही फिरवले तरी तुमच्याकडे काही बदलणार नाही.” इतकं नेमकं उत्तर त्या सभेत दुसऱ्या कुणालाच मिळालं नाही.

तरी फॉर्म भरलाच. फुकट हरकत घ्यायला मिळत असताना पुणेकर ती सोडतो होय! ‘इतर परिणाम’ या चौकटीत आईने लिहायला लावलं: परसातल्या कुरडयांवर सारखी विमानाची सावली पडते, आधीच इथलं ऊन ते केवढं. पलीकडे बायको डिसेंबरची तिकिटं बघत होती. “थेट मुंबईचंच घे रे, मधे उतरायचं नको.”

“आणि वारा पूर्वेचा असला की?” आईने विचारलं.

“मग विमानं उलट बाजूने उतरतात. विंडसरवरून. राजाचा किल्ला आहे तिथे.”

“अगंबाई! मग त्यांनी भरला का फॉर्म?”