त्या विटेवरची बोटं

आज सकाळी चहा घेताघेता व्हॉट्सअ‍ॅप उघडलं तर आमच्या इथल्या, अमेरिकेतल्या, मराठी ग्रुपवर लग्नाची पत्रिका. मुलगा आमच्या डोळ्यांदेखत मोठा झालेला, गणपतीत लेझीम खेळायचा, त्यामुळे आधी खूप आनंद झाला. मग खालचा पत्ता वाचला. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनजवळचं एक प्लँटेशन, म्हणजे जुन्या गोऱ्या जमीनदाराचा मळा. पांढरे खांब, ओकच्या झाडांची लांबलचक कमान आणि त्यावर सोनेरी अक्षरात 'शुभविवाह'. खाली बदामांची रांग, "रॉयल!", "अगदी वाड्यासारखं". माझा चहा तसाच राहिला.

नावं घेणार नाही. माणसं फार चांगली आहेत, माझ्या बाळंतपणात पंधरा दिवस त्यांच्या घरून डबा आलाय. म्हणून एवढंच लिहिलं की तिथे माणसं गुलाम म्हणून राबवलीत, तिथे आपण मंगलाष्टकं म्हणायची का? तर एका काकांचं लगेच उत्तर, "अगं दीडशे वर्षं झाली, लिंकननं संपवलं ते सगळं. आणि ते यादवी युद्ध गुलामीवरून नव्हतंच, राज्यांच्या हक्कांवरून होतं. वाच जरा."

वाच जरा!

वाचलेलं नंतर सांगते काका, आधी पाहिलेलं सांगते. सहा वर्षांपूर्वी आम्ही असंच एक प्लँटेशन बघायला गेलो होतो, लेक सात वर्षांची. मोठ्या घरात पाऊण तास टेबलं, झुंबरं, चांदीचे चमचे दाखवले. मग ज्यांना हवं त्यांनी मागच्या खोल्या बघा म्हणाले, आणि बहुतेक लोक आईस्क्रीमकडे गेले. मागे विटांच्या छोट्या छोट्या खोल्या, गुलाम राहायचे त्या. तिथे एक कृष्णवर्णीय आजी माहिती सांगत बसल्या होत्या, सत्तरीच्या असतील. त्यांनी माझ्या लेकीला जवळ बोलावलं, तिचा हात धरला आणि भिंतीतल्या एका विटेवर टेकवला. विटेत बोटांचे ठसे होते, तीन बोटांचे. ओल्या विटा उन्हात उलट्यापालट्या करायचं काम लहान पोरांचं असायचं, त्यात उमटलेले. लेकीची बोटं त्या खड्ड्यांत बरोब्बर बसली. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, माझ्याच साइजची आहे."

मला आत्ता टाइप करतानासुद्धा कसंतरी होतंय.

बरं, आता राज्यांचे हक्क. गुलाम ठेवणारी दक्षिणेतली राज्यं देशातून फुटली आणि १८६१ ते १८६५ उत्तरेशी लढली, ते हे युद्ध. कसला हक्क हो काका? पुढचा शब्द बोला ना. माणूस विकत घ्यायचा हक्क, विकायचा हक्क, त्याला पळून गेला तर पकडून आणायचा हक्क. हे मी म्हणत नाहीये, त्यांनीच लिहून ठेवलंय. १८६१च्या जानेवारीत मिसिसिपी राज्य फुटून निघालं तेव्हा त्यांच्या जाहीरनाम्यात सुरुवातीलाच लिहिलं की आमची भूमिका गुलामीच्या प्रथेशी पूर्णपणे जोडलेली आहे. या फुटलेल्या राज्यांच्या सरकारचा उपाध्यक्ष अ‍ॅलेक्झांडर स्टीफन्स मार्चमधे सव्हानात भर सभेत म्हणाला की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हाच आमच्या सरकारच्या पायाचा दगड आहे. पायाचा दगड! आणि आज त्यांचे पणतू आणि आमचे काका म्हणतात गुलामीचा संबंध नाही. १८६०च्या जनगणनेत चाळीस लाखांच्या आसपास माणसं गुलाम होती तिथे. चाळीस लाख. युद्धात सहा लाखांहून जास्त मेले. इतका रक्तपात काय कागदावरच्या कलमासाठी झाला का?

हो, मान्य, लिंकन पहिल्या दिवसापासून गुलामी संपवायला उठला नव्हता, त्याला आधी देश एकत्र ठेवायचा होता, आणि उत्तरेतले लोकही काही साव नव्हते, त्यांच्या गिरण्या याच कापसावर चालायच्या. ठीक आहे. पण १८६३ नंतर जवळजवळ एक लाख ऐंशी हजार काळे सैनिक त्याच लिंकनच्या फौजेत लढले, तेव्हा "लिंकननं संपवलं" म्हणताना जरा त्यांचीही आठवण ठेवा. त्यांना कुणी ताटात वाढून दिलेलं नाही.

रॉबर्ट स्मॉल्स माहितीये का कुणाला ग्रुपवर? चार्ल्सटनचाच. तेवीस वर्षांचा गुलाम, दक्षिणेच्या लष्करी जहाजावर सुकाणू धरायला ठेवलेला. १८६२च्या मे महिन्यात गोरे अधिकारी रात्री किनाऱ्यावर गेले आणि यानं जहाजच पळवलं. वाटेत थांबून बायकापोरांना घेतलं, डोक्यावर कप्तानाची हॅट चढवली आणि पहाटेच्या अंधारात दक्षिणेच्या ताब्यातल्या सम्टर किल्ल्याच्या तोफांसमोरून, बरोबर खुणेची शिट्टी देत देत, थेट उत्तरेच्या आरमाराकडे. पुढे हा माणूस अमेरिकेच्या संसदेत निवडून गेला. आणि ब्यूफर्टला ज्या मालकाच्या घरामागे जन्मला होता, ते घर त्यानं विकत घेतलं. ते घर अजून उभं आहे. काढा ना फोटो तिथे! चार्ल्सटनपासून दीड तासावर आहे, पण तिथे जायचं आम्हाला सुचत नाही.

आणि माझं मुख्य दुखणं हे आहे की आम्हाला वाटतं १८६५ला युद्ध संपलं, झालं. खरी गोष्ट तिथून सुरू होते. त्या वर्षी जानेवारीत उत्तरेच्या जनरल शर्मननं हुकूम काढला की चार्ल्सटनपासून खाली फ्लोरिडापर्यंतच्या किनाऱ्याची जमीन या सुटलेल्या कुटुंबांना द्या, प्रत्येकी चाळीस एकरांपर्यंत. चाळीस हजारांच्या आसपास माणसं तिथे कसायला लागली. आणि त्याच वर्षी लिंकनच्या जागी आलेल्या अँड्र्यू जॉन्सननं मालकांना माफी दिली आणि जमिनी परत! पेरलेलं पीक सोडून उठा म्हणाले. मी यवतमाळकडची आहे. माझी आजी वेचणीला जायची दुसऱ्याच्या शेतात, पऱ्हाटीच्या बोंडांनी तिच्या बोटांची टोकं कायम फाटलेली असायची, शेवटपर्यंत. जमीन म्हणजे काय हे मला कुणी इंग्रजीतून समजवायची गरज नाही. कसणाऱ्याच्या हातून जमीन काढून घेतली की पुढे काय होतं? तेच झालं. त्याच मालकाच्या शेतात बटाईनं, दरवर्षी कर्ज, दरवर्षी हिशोबात मालकाचंच येणं. हे ऐकून आपल्याकडच्या कुणाला नवल वाटायला नको खरं तर.

आणि मालकांचं नुकसान झालं ना, असं पण एकजण म्हणाला आज! अरे, वॉशिंग्टन शहरात १८६२ला गुलाम मुक्त केले तेव्हा सरकारनं भरपाई दिली, डोक्यामागे तीनशे डॉलरपर्यंत, आणि ती दिली मालकाला. मालकाला!! जो विकला गेला त्याला नाही. आता अजून काय भरपाई हवी?

थांबते जरा. लेक शाळेतून आली.

...

हं. राग जरा उतरला, पण सांगायचं ते राहिलंय.

त्या विटांच्या खोल्यांसमोर त्या आजींनी आम्हाला अजून एक सांगितलं होतं. सुटल्यावर लोकांनी सगळ्यात आधी काय केलं, तर माणसं शोधली. आई एका राज्यात विकलेली, मुलगा दुसऱ्या. पेपरात जाहिराती द्यायचे, माझ्या आईचं नाव अमुक, मला अमुक वर्षी अमुक माणसाला विकलं, कुणाला ठाऊक असेल तर कळवा. चर्चमधे त्या वाचून दाखवायचे. वर्षानुवर्षं, म्हातारे होईपर्यंत शोधत होते. आणि दुसरं काय केलं तर शाळा. साउथ कॅरोलायनात १८६८ला नवी राज्यघटना झाली, ती लिहिणाऱ्यांत बहुसंख्य काळे होते, हा रॉबर्ट स्मॉल्सही होता, आणि त्यांनी सगळ्या मुलांसाठी, गोऱ्यांच्यासुद्धा, सरकारी शाळा असल्याच पाहिजेत असं त्यात घातलं. आधी ज्यांना अक्षर शिकवणं गुन्हा होता ना, त्यांनी. आपण घर घेताना स्कूल डिस्ट्रिक्टचं रेटिंग बघतो, त्या शाळा या राज्यात कुणी मागितल्या ते बघत नाही.

आणि १८६८लाच चौदावी घटनादुरुस्ती झाली. इथे जन्मलेला तो इथला नागरिक. सुटलेल्या गुलामांसाठी केलेली, सहा लाख मेल्यावर. माझी लेक इथे जन्मली तेव्हा आम्ही व्हिसावर होतो, नवऱ्याची नोकरी डळमळीत, आणि ती मात्र जन्मल्या दिवसापासून नागरिक. कशामुळे? ज्याची पत्रिका आली तो मुलगासुद्धा इथलाच जन्म. तो पासपोर्ट या लोकांच्या जिवावर आलाय. आपण कष्ट केले, परीक्षा दिल्या, सगळं खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण हे दार आपण उघडलेलं नाहीये.

आपल्याकडे एका माणसाला मात्र हे तेव्हाच कळलं होतं, पुण्यात बसून. जोतीराव फुल्यांनी १८७३ला 'गुलामगिरी' लिहिलं आणि अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना, माझ्या देशबांधवांनीही हा कित्ता गिरवावा म्हणून. विमान नाही, इंटरनेट नाही. आणि आम्ही तीन तासांवर राहून कमानीखाली फोटो काढतो. इतक्या लांबून त्यांना दिसलं ते आम्हाला दिसत नाही.

आणि त्याच १८७३च्या एप्रिलमधे, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानात कोलफॅक्सला काय झालं? निवडणुकीच्या वादात काळे लोक कोर्टाची इमारत राखत होते. गोऱ्यांनी तोफ लावली, इमारत पेटवली, आणि शरण आलेल्यांनाही रात्री गोळ्या घातल्या. किती मेले त्याचा धड आकडासुद्धा नाही, साठ ते दीडशे सांगतात. सुप्रीम कोर्टानं १८७६ला आरोपींच्या शिक्षा रद्द केल्या. आणि १९५०ला तिथे सरकारी पाटी लागली की या घटनेनं दक्षिणेतला गैरकारभार संपला. ती पाटी निघाली २०२१ला. माझी लेक तेव्हा चौथीत होती! दीडशे वर्षांपूर्वीचं म्हणे.

१८७७ला दक्षिणेत ठेवलेलं देशाच्या सरकारचं उरलंसुरलं सैन्य काढून घेतलं आणि संपलं सगळं. बारा वर्षं. बारा वर्षांत शाळा, मतं, सिनेटमधे माणूस, आणि मग पुढची ऐंशी-नव्वद वर्षं मताच्या रांगेत उभं राहिलं तरी मार.

मला ठाऊक आहे खाली कुणीतरी लिहिणार, आपल्याकडचं आधी बघ, वीटभट्टीवर पोरं आजही आहेत. आहेत. बरोबर आहे. म्हणून तर त्या विटेला हात लावल्यावर मला इतकं तुटलं. आणि हेही लिहाल की त्या जागेचं भाडं, कॅटरिंग, सगळं भरून झालं असेल, आता बोलून काय. तेही खरं असेल.

आत्ता रात्रीचे साडेअकरा झालेत. ही पोस्ट टाकायच्या आधी मी त्या सहलीचे फोटो शोधले, विटेचा फोटो लावावा म्हणून. विटेचा नाहीच काढलेला. ओकच्या कमानीखालचा आहे, लेक परकर-पोलक्यात, मी नऊवारीत, दिवाळीच्या सुट्टीत मुद्दाम कपडे नेले होते. मी तो इथेच टाकला होता, त्याच रात्री, विटेवर हात ठेवून आल्यावर. विटेबद्दल एक ओळ नाही लिहिलेली. खाली कमेंटमधे मुलाच्या आईनं विचारलंय, "किती सुंदर जागा गं, कुठे आहे?" आणि मी पत्ता दिलाय, लिंकसकट.

तीच जागा आहे, काका. सकाळी पत्रिकेवर नाव वाचलं तेव्हा ओळखीचं वाटलं होतं, पण मी दिलेलं असेल हे डोक्यात आलं नाही.

उद्या सकाळी वहिनींना फोन करणार आहे. आधी हे सांगेन, मग विटेचं.